होलाचं पाणी

होला या कैद्यांच्या कॅम्पबद्दल वाचलं तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. केनिया, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात, ३ मार्च १९५९. काम करायला तयार नाहीत म्हणून पहारेकऱ्यांनी माऊ माऊच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या बंडातल्या कैद्यांना दांडक्यांनी मारलं, ११ जण गेले, आणि सरकारने आधी सांगितलं काय तर गाडीतलं पाणी प्यायल्यावर मेले म्हणे! वांबुगु वा न्यिंगी नावाचा कैदी नुसता बेशुद्ध होता, त्यालाही मेला समजून प्रेतांमध्ये टाकलेलं.

एवढं मारायची मुभा कुठून आली? मला वाटतं आधी विचार आला, मग दांडकं. बंडात मुख्यतः किकुयू जमातीचे लोक होते, त्यांची जमीन गेली होती, भांडण त्याचं होतं, पण सरकारने नेमलेल्या कॅरोदर्स नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ साली लिहून दिलं की हा आफ्रिकन मनाचाच बिघाड आहे. एकदा माणूस आजारी ठरला की कॅम्प हा उपचार होतो आणि मारहाणीला 'सुधारणा' म्हणता येतं.

कॅरोलाइन एल्किन्स ही अमेरिकन इतिहासकार सुरुवातीला या सुधारणेच्या गोष्टीवर विश्वास ठेवूनच अभ्यासाला लागली होती. पण फायलीच गायब. मग ती केनियात गेली, सुमारे ३०० लोकांशी बोलली, २००५ मध्ये पुस्तक आलं आणि पुलित्झरही मिळालं, तरी बरेच इतिहासकार तुटून पडले. मृतांच्या आकड्यावरचा आक्षेप मला पटतो, तो तिने फार ताणला होता, लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या जॉन ब्लॅकरचा अंदाज ५० हजारांच्या आसपास आहे. (त्यातली निम्मी दहा वर्षांखालची मुलं, हे वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला.) पण म्हाताऱ्यांनी सांगितलेलं म्हणजे भरवशाचं नाही, हा जो सूर होता ना, त्याचा मला खरंच राग येतो. कारण इंग्रजांनी जाताना कागद जाळले होते आणि उरलेले गुपचूप घरी नेले होते, मग त्या म्हाताऱ्यांनी कागद आणायचा कुठून?

एमएला असताना आमच्या एका सरांनी माझा टॉपिक याच कारणाने परत केला होता, "तोंडी आहे सगळं, डॉक्युमेंट कुठंय?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, मी मुकाट्याने टॉपिक बदलला.

न्यिंगी आणि आणखी काही म्हाताऱ्यांनी लंडनच्या कोर्टात केस टाकली तेव्हा २०११ मध्ये इंग्लंडमधल्या हॅन्सलोप पार्क या सरकारी ठिकाणाहून केनियाच्या दीड हजारभर फायली निघाल्या. त्यात १९५७ चं पत्र होतं, केनियाच्या अॅटर्नी जनरलचं, की पाप करायचंच असेल तर ते गुपचूप केलं पाहिजे. म्हणजे वरपर्यंत माहीत होतं.

६ जून २०१३ ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये खेद व्यक्त केला आणि ५,२२८ लोकांसाठी १ कोटी ९९ लाख पौंड, खर्चासकट, द्यायचं कबूल केलं. न्यिंगी तेव्हा ऐंशीच्या पुढे होता.