किझिलकुमच्या वाटेनं बुखारा

अर्धा तास उंटावर काय बसलो, दुसऱ्या दिवशी नुरात्याच्या चहाखान्यात मला उभ्यानंच चहा प्यावा लागला. उझबेकिस्तानातलं हे छोटं गाव, उत्तरेला किझिलकुमचं वाळवंट. १२२० साली ऐन हिवाळ्यात चंगीझखानाची फौज याच बाजूनं घोड्यांवर आली. मग तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

भांडण सुरू झालं व्यापारावरून. १२१८ मध्ये सिर दर्याकाठच्या ओत्रारच्या सुभेदारानं मंगोलांकडून आलेला सुमारे ४५० माणसांचा तांडा हेर ठरवून कापून काढला. दाद मागायला आलेल्या वकिलालाही या मुलखावर राज्य करणाऱ्या ख्वारज्मच्या शाहानं मारलं. शाहाकडे फौज होती, पण ती त्यानं शहराशहरांत वाटून तटांमागे बसवली. चंगीझनं दोन मुलांना ओत्रारच्या वेढ्यावर ठेवलं आणि स्वतः बुखारा गाठायला वाळवंटात शिरला. वाटाडे होते तुर्कमेन. नुराता तर लढलंच नाही.

आमची गाडी बुखाऱ्याकडे निघाली. तपकिरी भुई, खुरटी झुडपं, मधूनच मेंढ्या. मी सारखा पाणी शोधत होतो. आदल्या रात्री ज्या आयदारकुल तळ्याकाठी राहिलो, ते १९६९ च्या पुरानंतर साचलेलं. म्हणजे तेव्हा तेही नव्हतं. मंगोलांचा सगळा हिशेब घोड्यांवर होता. एकेका स्वारामागे तीन-चार घोडी, एक दमलं की दुसरं. बर्फ खुरानं उकरून खालचं गवत खाणारी ही जात, त्यामुळे वैरणीच्या गाड्यांचं लटांबर नाही. दहांची तुकडी, मग शंभर, हजार, आणि दहा हजारांचं ‘तुमेन’. पळाल्याचं सोंग करून शत्रूला ओढून आणायची त्यांची खोड वाचली की आपल्याला गनिमी कावा आठवतोच. पण सह्याद्रीत दडायला खिंडी आहेत. इथं खिडकीतून दोन तास एक टेकाड दिसेना. शत्रूला वाटलंच नाही की इकडून कोणी येईल, एवढाच काय तो त्यांचा आडोसा.

बुखाऱ्याची शिबंदी रात्री निसटली आणि अमू दर्या नदीजवळ कापली गेली. शहरानं दरवाजे उघडले. ‘आर्क’ हा बालेकिल्ला मात्र बारा-एक दिवस झुंजला. त्याचा खंदक बुजवायला मंगोलांनी शहरातल्याच माणसांना पुढे हाकललं. आज तिथं तिकीटखिडकी आहे, आणि फोटोसाठी सजवलेला उंट. मी लांबूनच नमस्कार केला.

कल्यान मिनार ११२७ चा, सुमारे ४६ मीटर उंच. विटांच्या पट्ट्यामागून पट्टे, प्रत्येकाची वीण वेगळी, आणि वर निळ्या झिलईची एक बारीक कड. मिनार बघताना खानाची टोपी पडली, ती उचलायला तो वाकला, म्हणून मिनार वाचला, असं गाइड सांगतो. गाइडच तो! मीही मान मागे टाकली. टोपी जागेवर, मान मात्र अवघडली. शेजारची मशीद जळाली. आजची १५१४ ची आहे.

तिथून समरकंदला रेल्वेनं दीड तास. बुखाऱ्याच्या कैद्यांना हीच मजल पायी मारावी लागली. समरकंदसमोर दर दहा जणांमागे एक निशाण देऊन त्यांना उभं केलं, लांबून फौज मोठी दिसावी म्हणून. पडलेलं जुनं समरकंद पुन्हा त्या जागी वसलं नाही. आज तिथं पिवळ्या मातीचं ओसाड टेकाड आहे, अफ्रासियाब. आमच्या वातानुकूलित गाडीचं नावही तेच.