मीडियात मीठ नव्हतं

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खारफुटीतला चिखल आणायचा तर ओहोटी बघून रायबंदरची फेरी पकडायची, गुडघाभर रुतून बाटल्या भरायच्या, मग यीस्ट वेगळं करण्यात आठवडा जातो. दोन वर्षं हेच केलं मी.

आम्ही किलर यीस्ट शोधत होतो. असं यीस्ट एक विषारी प्रोटीन बाहेर सोडतं, आजूबाजूचं दुसरं यीस्ट त्याने मरतं आणि सोडणाऱ्याला काही होत नाही. 1963 ला बेव्हन आणि मॅकोवर यांनी सॅकरोमायसीसमध्ये, म्हणजे दारू-पावाच्या यीस्टमध्ये हे दाखवलं, आणि आमची टेस्टही त्याच घराण्यातली. pH 4.5 चा, म्हणजे आंबट अगार (यीस्ट वाढवायचा जेलीसारखा मीडिया), त्यात मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग, मरू शकणाऱ्या यीस्टचा पातळ थर, वर आपल्या आयसोलेटचे, म्हणजे चिखलातून वेगळ्या केलेल्या यीस्टचे ठिपके, 20 डिग्रीला तीन दिवस. टॉक्सिन असेल तर ठिपक्याभोवती स्वच्छ गोल पडतो आणि कडेला निळी रेघ येते, कारण मेलेल्या पेशी रंग धरतात. ती रेघ इतकी नाजूक असते की प्लेट तिरकी धरून खिडकीपाशी बघावी लागते.

माझ्या सगळ्या प्लेटा कोऱ्या. मग त्या गुरुवारी ज्युनियरने चुकून 3 टक्के मीठ घातलेला अगार ओतला, आणि रविवारी सकाळी 17 नंबरच्या आयसोलेटभोवती गोल! हात थरथरत होते माझे. त्याचं गाळलेलं द्रव उकळून टाकलं तर गोल गायब, म्हणजे प्रोटीनच. बिनमिठाच्या प्लेटवर तोच 17 नंबर ठार गप्प, तीन वेळा निगेटिव्ह लिहिलेला.

समुद्रातल्या यीस्टच्या टॉक्सिनला कधीकधी मीठ लागतं हे छापून आलेलं आहे, आम्ही वाचलंही होतं. पण सीनियर म्हणायचे, प्रोटोकॉल वर्षानुवर्षं चालतोय, बदलायचा नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि मी भांडले नाही.

त्याआधीच, मे महिन्यात फ्रीजरमध्ये जागा हवी म्हणून निगेटिव्ह म्हणून 61 आयसोलेट ऑटोक्लेव्ह केले, म्हणजे दाबाच्या वाफेत मारून टाकले, मीच. 17 लायपेजच्या, म्हणजे चरबी तोडणाऱ्या एन्झाइमच्या कामासाठी वेगळं ठेवलेलं म्हणून वाचलं. परत जाऊन चिखल आणता येतो हो, पण तेच यीस्ट मिळेल कशावरून?

48 नंबर डोक्यातून जात नाही. गुलाबी कॉलनी होती. पहिल्या प्लेटवर कडेला जरासं निळसर दिसलं होतं, वहीत मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि संध्याकाळी खोडलं.