पोकलेन ट्रेलरवर नक्की कुठे उभं करायचं

चिरेखाणीतून पोकलेन हलवायचं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष साखळ्यांवर, किती लावल्या, किती जाड, टर्नबकल, म्हणजे साखळी ताणायचा पेच, किती पिळला. माझं ठाम मत आहे की साखळी नंतर, आधी मशीन ट्रेलरवर पुढेमागे कुठे उभं आहे ते बघा, आणि चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला जायचं असेल तर दोनदा बघा.

साधा हिशोब आहे, किंगपिनपासून (ट्रेलर ज्या खुंटीने घोड्याला, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या ट्रकला, जोडतात ती) ट्रेलरच्या मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत ९ मीटर धरा, मशीन २० टनांचं, ते नुसतं १ मीटर मागे घेतलं तरी सव्वादोन टन भार घोड्यावरून निघून ट्रेलरच्या चाकांवर जातो. सपाटीला कळतही नाही. पण चढाला भार तसाही मागे जातो, त्यात पाऊस, मग घोड्याची मागची चाकं वळणावर जागच्या जागी गरगरतात आणि गाडी ना पुढे ना मागे. उतारावर तर जीवावरच बेततं, हलकी झालेली चाकं ब्रेक मारला की लॉक होतात आणि ट्रेलर मागून घोड्याला आडवा ढकलतो. म्हणून सगळं पुढे रेटून घोड्यावर भार टाकायचा असंही नाही हां, २०१८ पासून चार टायरच्या एक्सलला साडेअकरा टन आणि जोडएक्सलला (लागून असलेल्या दोन एक्सलना मिळून) २१ टन एवढीच परवानगी आहे.

आणि पोकलेन ज्या लोखंडी पट्ट्यांवर चालतं त्यांचा मध्य म्हणजे वजनाचा मध्य नव्हे. काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळायला मशीनच्या मागे लावलेलं वजन, एका टोकाला असतं, ते कुठल्या बाजूला येतंय ते बघून मशीन सरकवा, मग बूम (मशीनचा लांब हात) खाली घ्या, बकेट लाकडी ठोकळ्यावर टेकवा, वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक लावा.

पावसाळ्यात पट्ट्यांच्या फटींत जांभ्याची लाल माती गच्च बसलेली असते, ती ओली झाली की लोखंडावर लोखंड साबणासारखं सरकतं. चढवायच्या आधी पहारीने खरवडा, पाणी मारा, खाली फळ्या टाका. मगच साखळ्या, चारी कोपऱ्यांना, तिरक्या. जोरात ब्रेक मारला तर माल वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे रेटतो असं धरतात, म्हणजे २० टनांना १६ टन, तेवढं सगळं साखळ्या आणि ठोकळ्यांनीच धरायचंय.

चिपळूण सुटलं की पोफळीला गाडी बाजूला घ्या आणि टर्नबकल परत एकदा पिळा, खड्ड्यांतून येईपर्यंत साखळ्या हमखास ढिल्या पडतात, आणि पुढे घाटात थांबायला जागा मिळेलच असं नाही.