१६ एप्रिल, ठाण्यातला आणि इथला

ठाण्यातल्या आमच्या शाळेत परिपाठाला रोज दिनविशेष वाचायचे. १६ एप्रिलचा मी कुणाला वाचू द्यायची नाही. १८५३ साली याच तारखेला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आमच्या ठाण्याला आली. तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, निघताना एकवीस तोफांची सलामी, हे सगळं मला तोंडपाठ होतं ते बाबांमुळे. बाबा रेल्वेत नव्हते, फोर्टातल्या एका कचेरीत होते. पण तेहतीस वर्षं त्यांनी लोकलने ये-जा केली, आणि दर १६ एप्रिलला त्यांचा गाडीतला ग्रुप डब्यात झेंडूचा हार बांधून पेढे वाटायचा. साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनांची नावं ते घरच्या माणसांसारखी घेतात. मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्या नाना शंकरशेटांबद्दल बोलताना आजही त्यांचा आवाज भरून येतो.

स्कॉटलंडच्या उत्तरेला इनव्हर्नेसमध्ये येऊन मला आता चार वर्षं झाली. पहिल्याच एप्रिलात कामावरच्या एका मैत्रिणीला मी सांगितलं, उद्या आमच्या गावाचा मोठा दिवस आहे. ती म्हणाली, "आमचाही. आम्ही फुलं घेऊन जातो."

गावापासून सात-आठ किलोमीटरवर कलोडनचं माळरान आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी ब्रिटनच्या भूमीवरची शेवटची मोठी लढाई तिथे झाली. एका बाजूला गादीवर हक्क सांगणारा राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट आणि त्याच्यासाठी उभी राहिलेली डोंगराळ मुलखातली घराणी, दुसऱ्या बाजूला राजाचा मुलगा ड्यूक ऑफ कंबरलंड. दोघंही पंचवीस वर्षांचे. आदल्या दिवशी, १५ एप्रिलला, कंबरलंडचा वाढदिवस होता. त्याचे सैनिक पिऊन पडले असतील या अंदाजाने चार्ल्सच्या माणसांनी रात्री छापा घालायचा बेत केला. अंधारात मैलोन्‌मैल चालले, वेळेत पोचले नाहीत, तसेच माघारी फिरले. उपाशी, झोप नाही, आणि दुपारी समोर तोफा. तासाभराच्या आत सगळं आटोपलं. त्यांची दीड ते दोन हजार माणसं मेली किंवा जायबंदी झाली. पुढे कायदा करून डोंगराळ मुलखाच्या पेहरावावरच बंदी आणली, ती १७८२ पर्यंत टिकली.

यंदा मी तिथे सकाळीच गेले. माळावर दोन्ही सैन्यांच्या जागा दाखवायला लाल आणि निळी निशाणं आहेत. वारा इतका की ती फडफडत नव्हती, ताठ उभी होती. काटेरी झुडपांना पिवळी फुलं आली होती. पायवाटेच्या कडेला घराण्यांच्या नावाचे दगड आहेत, ओबडधोबड, गुडघ्याएवढे. त्यातल्या एकावर फक्त 'मिश्र घराणी' अशा अर्थाचे शब्द कोरलेत. कोण कुठल्या घराण्याचा हे ओळखू आलं नाही, त्यांना एकत्र पुरलं. त्या दगडापाशी कुणीतरी सुतळीने बांधलेली डॅफोडिलची जुडी ठेवली होती. देठ वेगवेगळ्या लांबीचे, घरच्या परसातून तोडलेले असावेत. मी बराच वेळ तिथेच बसले.

अकराच्या सुमारास बाबांचा फोन आला. ठाण्यात तेव्हा साडेतीन वाजतात, पहिली गाडी सुटल्याची वेळ. ती त्यांनी कधी चुकवलेली नाही. नौपाड्यातल्या गॅलरीतून बोलत होते, मागे आई "तिला विचारा, जेवली का" म्हणत होती. मी दगडाबद्दल सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डलहौसीपण तिकडचाच ना?" खरंच, गाडी धावली तेव्हाचा हा गव्हर्नर जनरल स्कॉटिश, एडिंबराजवळचा. गाडीनंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, त्याने देशभराच्या रेल्वेबद्दलचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी मलाही इथेच कळली. १७४६ साली ब्रिटनमध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं. १७५२ मध्ये ते बदललं, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे आजच्या हिशोबाने ती लढाई २७ एप्रिलची.

"म्हणजे तिथी-तारखेचंच झालं की हे," बाबा म्हणाले. शिवजयंतीवरून आमच्या घरात काका आणि बाबांची दरवर्षी चर्चा व्हायची. काका फाल्गुन वद्य तृतीयेचे, बाबा १९ फेब्रुवारीचे. ती १९ फेब्रुवारी १६३० सुद्धा जुन्या कॅलेंडरचीच, आजच्या गणनेत १ मार्च. इथले लोक मात्र १६ तारखेलाच, किंवा तिच्या जवळच्या शनिवारी, माळावर जमतात. मला ते बरोबर वाटतं. त्या दिवशी मेलेल्यांना ठाऊक असलेली तारीख तीच होती.

बाबांनी दोन्ही तारखा डायरीत लिहून घेतल्या. लढाई किती वाजता सुरू झाली, तेही विचारलं. दुपारी एकच्या सुमारास, मी सांगितलं.

२७ एप्रिलला मी कामावर होते. एक वाजता फोन वाजला. ठाण्यात साडेपाच झाले होते. "काही नाही गं," बाबा म्हणाले, "आज त्यांचा दिवस ना."