आमची वाटचाल: क्लेमच्या शब्दांवरचं काम

पुण्यातल्या आमच्या फर्मची सुरुवात पंप, झडपा आणि ऑटो पार्ट बनवणाऱ्या लघुउद्योजकांच्या पेटंट ड्राफ्टिंगपासून, म्हणजे अर्जाचा मसुदा लिहिण्यापासून झाली. एप्रिल 2021 मध्ये आयपीएबी (बौद्धिक संपदा अपील मंडळ) बरखास्त झालं आणि पेटंट नाकारल्यावरची अपिलं उच्च न्यायालयांकडे गेली. अर्ज मुंबई कार्यालयातला असेल तर मुंबई उच्च न्यायालयाकडे. तिथे युक्तिवाद वकील करतात. त्यांच्या हाती द्यायचा क्लेम चार्ट आम्ही बनवतो. क्लेम म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतो हे सांगणारं अर्जातलं वाक्य.

पेटंट कायद्याच्या कलम 117-ए खाली अपिलाची मुदत तीन महिन्यांची, आदेशाच्या तारखेपासून. चार्टला चार रकाने असतात: क्लेममधले शब्द, त्यांना आधार देणारा स्पेसिफिकेशनमधला (अर्जातल्या शोधाच्या वर्णनातला) परिच्छेद व आकृती, एफईआरच्या (पेटंट कार्यालयाच्या पहिल्या तपासणी अहवालाच्या) उत्तरात त्याबद्दल आपण काय म्हटलं, आणि कंट्रोलरने, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, कोणता अर्थ घेतला. घोटाळा बहुधा तिसऱ्या रकान्यात सापडतो. ते उत्तर देताना प्रायर आर्टपासून (आधीच माहीत असलेल्या तंत्रापासून) वेगळेपण दाखवायला अर्थ आकुंचित केलेला असतो, आणि अपिलात तो पुन्हा सैल करता येत नाही.

समजा, क्लेम 1 म्हणतो ‘चकतीला जोडलेली स्प्रिंग’. प्रायर आर्टमध्ये स्प्रिंग आणि चकतीच्या मधे दांडा आहे. अर्जदार म्हणतो, आमची जोडणी थेट आहे. पण क्लेम 4 मध्ये ‘स्प्रिंग चकतीला थेट जोडलेली’ असं असेल तर पंचाईत होते. क्लेम 4 सारखा, दुसऱ्या क्लेमवर बेतलेला अवलंबित क्लेम मूळ क्लेमला काहीतरी जादा मर्यादा घालतो असं धरलं जातं. म्हणजे क्लेम 1 मध्ये दांड्यावाटे केलेली जोडणीही आली. अमेरिकेत फेडरल सर्किटने (पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाने) फिलिप्स खटल्यात (2005) हाच तर्क वापरला. तो इथे बंधनकारक नाही, पण कोर्टापुढे ठेवता येतो.

अशा वेळी अर्थ ताणत बसण्यापेक्षा क्लेम 4 ची मर्यादा क्लेम 1 मध्ये आणलेली बरी. कलम 59 नुसार दुरुस्त क्लेम आधीच्या क्लेमच्या कक्षेत पूर्ण बसायला हवा आणि मूळ स्पेसिफिकेशनात त्याला आधार हवा. दिल्ली उच्च न्यायालयाने निप्पॉन ए अँड एल प्रकरणात (2022) प्रक्रियेने वर्णन केलेल्या उत्पादनाचा क्लेम नुसत्या प्रक्रियेवर आणायला परवानगी दिली. आधारच नसेल तर मात्र वकीलही काही करू शकत नाही.

म्हणून आता ड्राफ्टिंगच्या टेबलावरच ‘सुमारे 5 मिमी’ दिसलं की आम्ही विचारतो: किती कमी-जास्त चालेल, मोजायचं कुठे? उत्तर स्पेसिफिकेशनात उतरल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही.