नववीच्या वर्गातील दोन नकाशे

गोरेगावच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीच्या आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेल ॲनिमिया येतो, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांत तो अधिक आढळतो, असे मी सांगत असताना एक मुलगा सहज म्हणाला, "बाई, म्हणजे हा आदिवासींचा रोग. त्यांच्या रक्तातच असतो." आरे कॉलनीतील पाड्यांवरून येणाऱ्या वारली मुली मागे बसल्या होत्या, काही माना लगेच तिकडे वळल्या.

त्याला रागावून तास पुढे नेता आला असता. परंतु आजार आणि समाज यांची नावे एका वाक्यात आली, की मधले कारण ऐकणारा आपल्या मनाने भरतो, आणि ते कारण देणे हे विज्ञानाच्या शिक्षकाचेच काम आहे. 1910 मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी या रोगाची पहिली वैद्यकीय नोंद केली, ती ग्रेनेडाहून आलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाची. पुढे अमेरिकेत हा 'काळ्यांचा रोग' ठरला, इतका की गोऱ्या माणसात तो आढळल्यास डॉक्टर निदानाऐवजी त्याच्या वंशाविषयी शंका घेत. हे ऐकून मुले हसली. मला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे वाटत नाही.

मग जगाच्या दोन कोऱ्या नकाशांवर आम्ही रंग भरले. एकावर पूर्वापार मलेरियाचे प्रदेश, दुसऱ्यावर सिकलसेलचे. ग्रीस, सिसिली, सौदी अरेबिया आणि मध्य भारत दोन्हींवर रंगले, तर आफ्रिकेचे दक्षिण टोक दोन्हींवर जवळजवळ कोरे राहिले. संशोधक अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवलेला संबंध मुलांनी स्वतः ओळखला: सदोष जनुकाच्या दोन प्रती असल्या तर आजार होतो, पण एकच प्रत असलेल्या वाहकाला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणून अशा प्रदेशांत ते जनुक टिकले. कातडीच्या रंगाचा त्यात संबंध नाही. आपल्या शहराच्या नावाचा 'बॉम्बे' रक्तगट डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी 1952 मध्ये इथेच शोधला. म्हणून मुंबईकर ही निराळी मानववंशशाखा होते का, असेही मी विचारले.

खरा अवघड प्रश्न मागच्या बाकावरून आला. "मग सरकार आदिवासी भागांतच तपासणी का करतं?" 2023 मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा भर तिथे आहे, हे विचारणाऱ्या मुलीला ठाऊक होते. समूहाला काहीच अर्थ नाही, असे गुळमुळीत उत्तर मला द्यायचे नव्हते. मलेरियाने टिकवलेले जनुक पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच होणाऱ्या लग्नांमुळे त्या त्या समाजात साठत गेले, आणि लग्नाचे नियम रक्ताने नव्हे तर माणसांनी ठरवलेले असतात. आधी कुठे शोधावे, एवढेच समूह सांगतो; एखादी व्यक्ती वाहक आहे का, हे तिच्या रक्ताच्या तपासणीतूनच कळते. विदर्भात तर आदिवासी नसलेल्या समाजांतही वाहक आहेत.

"मग बाहेर लग्नं केली तर रोग संपेल?" पहिल्याच मुलाने विचारले. रुग्ण कमी जन्मतील, जनुक मात्र राहील, असे मी म्हणाले. दोन वाहक कोणत्याही समाजाचे असोत, त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता 25 टक्केच. आई-वडिलांची जनुके मांडून ही शक्यता काढण्याची चौकट त्याने फळ्यावर मांडली आणि एक चूक मागच्या बाकावरच्या मुलीने दुरुस्त करून दिली.