आरबीआय मॉनेटरी म्युझियम, फोर्ट: नोटांच्या विभागासाठी वेळ राखून ठेवा

मुंबईत फोर्टला सर फिरोजशहा मेहता रोडवर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, 2004 मध्ये सुरू झालंय. सीएसएमटी किंवा चर्चगेट, कुठूनही चालत जाता येतं. सोमवारी आणि बँकेच्या सुट्ट्यांना बंद असतं, वेळा मधून मधून बदलतात म्हणून निघण्याआधी वेबसाईटवर बघून घ्या, आणि फोटो काढायचे असतील तर आत शिरतानाच विचारा.

सुरुवातीला नाणी आहेत आणि तिथेच बहुतेकांचा सगळा वेळ जातो. जाणारच म्हणा, आहत म्हणजे चिन्हांचे ठसे मारलेल्या जुन्या नाण्यांपासून कुषाण, गुप्त, मुघल, मराठे, सगळं ओळीने समोर येतं. थोडी तयारी करून गेलात तर चौपट मजा येते, म्हणजे सातवाहनांच्या नाण्यांपाशी उभं राहताना हे माहीत असावं की नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांचा ढीग सापडला, 13,000 हून जास्त, आणि त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला ठसा परत मारला होता. पराभूत राजाचंच नाणं, त्याचं नाव खाली अर्धवट दिसतंय आणि वर आपलं, याहून स्पष्ट जाहीरनामा काय असणार! शेरशहाचा रुपयाही नीट बघा, साधारण साडेअकरा ग्रॅम चांदी, आपला रुपया तिथून आलाय. नाणी फार बारीक असतात, चष्मा विसरू नका.

पण माझं कळकळीचं सांगणं आहे की निम्मा वेळ पुढच्या भागाला ठेवा, हुंड्या आणि नोटांच्या. लोक तिथे पोचेपर्यंत दमलेले असतात आणि भराभर पुढे सरकतात, मला ते बघून खरंच वाईट वाटलं.

हुंडी म्हणजे अमक्याला पैसे द्या असं व्यापाऱ्याने लिहिलेला कागद, पण नुसती चिठ्ठी नाही हो. दर्शनी म्हणजे दाखवली की पैसे, मुद्दती म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर, शहाजोग म्हणजे बाजारात पत असलेल्या शहालाच, म्हणजे सावकारालाच पैसे द्यायचे, आणि जोखमी तर कमालच आहे, माल सुखरूप पोचला तरच पैसे, म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदात! बँका नव्हत्या तेव्हा व्यापाऱ्यांनी हे सगळं विश्वासावर चालवलं.

नोटांचं तसंच. 1861 च्या कायद्याने नोटा काढायचा हक्क सरकारकडे गेला, त्याआधी बँक ऑफ बेंगॉल, बॉम्बे, मद्रास आपापल्या नोटा काढायच्या. पोस्टात चोरी होऊ नये म्हणून लोक नोट मधोमध कापून आधी एक अर्धुक पाठवायचे, ते पोचल्याचं कळलं की दुसरं. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून 1917 मध्ये एक रुपयाची नोट आली आणि लगेच पुढच्या वर्षी अडीच रुपयांची. अडीचच का, तर रुपयाचे आणे 16, म्हणजे 40 आणे, हिशोबाला अगदी सरळ! नवे पैसे, म्हणजे रुपयाचे 100, आले ते 1957 मध्ये.

फाळणीनंतर काही महिने पाकिस्तानात आपल्याच नोटा चालायच्या, वर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ छापून. आखाती देशांसाठी 1959 मध्ये वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या, हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या होत्या. आणि 10,000 ची नोट 1938 मध्ये आली, 1946 मध्ये रद्द, 1954 मध्ये परत, 1978 मध्ये पुन्हा रद्द.

मुलांना नेणार असाल तर घरातल्या नोटेवरची गव्हर्नरची सही आणि मागच्या भाषांची यादी आधीच दाखवून ठेवा आणि एक रुपयाच्या नोटेवर मात्र वित्त सचिवाची सही का असते हा प्रश्न देऊन सोडा (ती नोट सरकार काढतं, आरबीआय नाही), मग ती प्रत्येक काचेपाशी सह्याच शोधत बसतात आणि तुम्हाला हुंड्या शांतपणे वाचता येतात.